दीड महिन्याच्या लसीच्या दिवशी आईचीही साखर तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दरवर्षी १० मार्चला, म्हणजे चेन्नईचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. व्ही. शेषय्या यांच्या जन्मदिनी, गर्भारपणातील मधुमेहाची जागृती होते. बोलणं बहुतेक पोटुशी बाईबद्दल असतं. ती बाळंत झाल्यावर तिचं काय होतं, याबद्दल मला लिहायचं आहे. सिन्नर तालुक्यात आरोग्यसेविका म्हणून नोकरी करून मी निवृत्त झाले.

गरोदर बाईची तपासणी आता सोपी आहे. उपाशी यावं लागत नाही. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात कालवून प्यायचं, दोन तासांनी रक्त बघायचं. साखर १४० किंवा त्याहून जास्त आली तर मधुमेह. पहिल्या भेटीत एकदा आणि २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा. वारेतली संप्रेरकं इन्सुलिनचा जोर कमी करतात, म्हणून धडधाकट बाईचीही साखर चढते आणि तिला काहीच जाणवत नाही.

वार पडली की साखर उतरते. गोळ्या किंवा इन्सुलिन बंद होतं आणि घरचे म्हणतात, ‘गेली शुगर.’ खरं तर अशा बाईला पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका इतर बायकांच्या किमान सातपट असतो. म्हणूनच बाळंतपणानंतर ६ आठवड्यांनी, या वेळी मात्र उपाशीपोटी, ग्लुकोजची तपासणी पुन्हा करायची आणि पुढे दरवर्षी साखर बघायची, असं केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत लिहिलेलं आहे. पण सहाव्या आठवड्यात ती बाई असते कुठे? पहिलटकरीण असली तर माहेरी. शुगर सापडली सासरच्या उपकेंद्रात, बाळंतपण झालं तिसरीकडेच. तिच्या साखरेची आठवण ठेवणारं कुणी उरत नाही.

एक सून माझ्या मनातून जात नाही. पहिल्या खेपेला सातव्या महिन्यात साखर सापडली, पथ्यावर आटोक्यात राहिली, माहेरी मुलगी सुखरूप झाली. त्यानंतर तिचं रक्त कुणी तपासलं नाही. पुन्हा दिवस गेले तेव्हा तिसरा महिना सरत आल्यावर ती तपासणीला आली आणि साखर २०० च्या वर निघाली. मधुमेह मधल्या काळातच जडला होता. बाळाचं हृदय, मणका हे पहिल्या आठ आठवड्यांत घडतं, ते वाढलेल्या साखरेतच घडून गेलेलं होतं. पुढचे महिने त्या घराने आणि आम्ही कसे काढले, ते आम्हालाच ठाऊक.

बाळ मात्र सहाव्या आठवड्याला चुकत नाही. पेंटाव्हॅलंट, पोलिओ, रोटा या लसींसाठी आजी त्याला कुंची घालून आणतेच, गाव माहेरचं असो की सासरचं. टोचल्यावर अर्धा तास थांबवून घेतातच. आशाताईंची ४२ व्या दिवसाची गृहभेटही त्याच सुमाराची. मग ज्या आईला गर्भारपणात साखर होती, तिला एवढाच निरोप द्यायचा: त्या सकाळी काही न खाता या. आल्या आल्या रक्त घ्यायचं, ग्लुकोज द्यायचं, दोन तासांनी पुन्हा रक्त. त्या वेळात बाळाला खुशाल पाजता येतं. लसीकरणाच्या सत्राला किती गर्दी असते ते मला चांगलं माहीत आहे. तरी अशी बाळंतीण एका सत्राला एखाद-दुसरीच असते.

आरोग्य विभागाने माता-बाल संरक्षण कार्डावर दीड महिन्याच्या लसींच्या शेजारीच आईच्या साखरेचा ठळक रकाना छापावा. नवीन कार्डं येईपर्यंत तेवढा शिक्का मारून घेता येईल. आणि ज्यांच्या घरी अशी बाळंतीण आहे, त्यांनी रकान्याची वाट न बघता, दीड महिना झाला की तिला जवळच्या दवाखान्यात नेऊन ही तपासणी करून घ्यावी.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका,
ता. सिन्नर, जि. नाशिक