इन्व्हेस्टमेंट बँकिंगमधल्या पहिल्या जागेची जाहिरात तरी द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पदवीचे निकाल लागले की आमच्या डोंबिवलीच्या अभ्यासिकेत दरवर्षी कुणी ना कुणी मला हमखास विचारते, “सर, इन्व्हेस्टमेंट बँकिंगमध्ये जायचंय, पण घरात त्या लाइनमधलं कुणी नाही आणि अनुभवही नाही. ओळखीशिवाय घेतात का तिथे?” १९९४ ते २०२२ अशी अठ्ठावीस वर्षे मी मुंबईत मर्चंट बँकिंगमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या इन्व्हेस्टमेंट बँकिंगमध्येच, काढली असल्याने या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक असायला हवे, आणि ते आहे. ओळखीशिवाय काम शिकता येते, पण जिथून खऱ्या कामाला हात लागतो ती पहिली जागा मिळणे दिवसेंदिवस ओळखीवर अवलंबून राहू लागले आहे. यातल्या दुसऱ्या भागाची जबाबदारी आम्हा व्यावसायिकांची आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

ज्यांना हा व्यवसाय परिचित नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एखाद्या कंपनीला शेअर बाजारात यायचे असेल, भांडवल उभे करायचे असेल, दुसरी कंपनी विकत घ्यायची किंवा आपली विकायची असेल, तर किंमत ठरवण्यापासून शेवटच्या कागदावर सही होईपर्यंतचे काम इन्व्हेस्टमेंट बँकर पाहतो. आपल्या देशात १९६७ मध्ये ग्रिंडलेज बँकेने हे काम सुरू केले, १९७२ मध्ये स्टेट बँक त्यात उतरली आणि १९९२ पासून शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीच्या नोंदणीशिवाय मर्चंट बँकर म्हणून काम करता येत नाही. देशातील या व्यवसायाचा फार मोठा भाग फोर्ट, नरिमन पॉइंट, लोअर परळ आणि वांद्रे-कुर्ला संकुल एवढ्याच पट्ट्यात आहे. आमच्या स्टेशनवरून लोकलने दीड तासाचे हे अंतर. पण जतच्या किंवा अहमदपूरच्या वाणिज्य शाखेतील मुलालाच काय, डोंबिवलीच्या मुलालाही ते फार लांबचे वाटते.

मला ते लांबचे वाटले नाही, याचे कारण वर्तमानपत्र. माझे वडील सोलापूर आगारात एसटीचे कंडक्टर होते आणि मुंबईत आमचे ओळखीचे म्हणावे असे कुणीही नव्हते. १९९४ मध्ये भागविक्रीची मोठी लाट होती, माणसे कमी पडत होती आणि फोर्टमधील एका संस्थेने वर्तमानपत्रात चार ओळींची छोटी जाहिरात दिली होती. ती वाचून मी अर्ज केला, एका कंपनीचा ताळेबंद समोर ठेवून माझी तासभर परीक्षा घेतली गेली आणि मला घेतले. पुढचे कित्येक महिने माहितीपत्रकाची मुद्रिते तपासत रात्री छापखान्यात बसून काढल्या. पान ४० वरचा विक्रीचा आकडा पान १६० वरच्या आकड्याशी जुळतो की नाही हे पेन्सिलने खूण करत पाहणे, एवढेच माझे काम होते. पण कंपनी कागदावर कशी मांडली जाते हे मी तिथेच शिकलो. आज तशी चार ओळींची जाहिरात कुठेही दिसत नाही.

मोठ्या देशी-परदेशी बँका आपली नवी माणसे आयआयएम, जमनालाल बजाज यांसारख्या मोजक्या संस्थांमध्ये जाऊन, बहुतांशी उन्हाळी प्रशिक्षणातूनच निवडतात. त्या पद्धतीतही दोष आहेत, परंतु निदान प्रवेश परीक्षेची चाळणी सगळ्यांना दिसते आणि तिची तयारी करता येते. माझी तक्रार मुख्यतः मधल्या आणि लहान संस्थांबद्दल आहे. सेबीकडे दोनशेहून अधिक मर्चंट बँकर नोंदलेले आहेत आणि अनुभव नसलेल्या मुलाला खरी संधी तिथेच मिळू शकते, कारण सहा-सात माणसांच्या गटात नवख्यालाही पहिल्या आठवड्यापासून काम करावेच लागते. मात्र इथल्या प्रशिक्षणार्थींच्या जागा केव्हा निघतात आणि केव्हा भरतात हे बाहेर कुणालाच कळत नाही. ग्राहक कंपनीच्या मालकाचा पुतण्या, ऑडिटरची मुलगी, कुणा संचालकाने फोन केलेला मुलगा अशा नावांनी त्या भरून जातात. ही मुले नालायक असतात असे मी म्हणत नाही. त्यांच्यापैकी काहींनी माझ्या हाताखाली उत्तम काम केले आहे. पण त्यांची तुलना दुसऱ्या कुणाशी झालेलीच नसते.

या बाबतीत मीही दोषी आहे आणि तो प्रसंग लिहिल्याशिवाय हे पत्र प्रामाणिक होणार नाही. साधारण दहा वर्षांपूर्वी कोल्हापूरकडचा एक बी.कॉम.चा विद्यार्थी पत्र पाठवून, वेळ ठरवून मला भेटायला आला. त्याच्या हातात लांब आकाराची, रेघा मारलेली जमाखर्चाची वही होती. त्यांच्या भागातील एका फौंड्रीने शेअर बाजाराच्या लघु व मध्यम उद्योगांसाठीच्या मंचावर येण्यासाठी माहितीपत्रकाचा मसुदा दाखल केला होता. त्यातील तीन वर्षांचे तक्ते त्याने वहीत हाताने उतरवून घेतले होते, कारण कॉलेजची संगणक प्रयोगशाळा त्याला दिवसाला जेमतेम तासभर मिळत असे. एका ओळीवर बोट ठेवून तो म्हणाला, “सर, विक्री एका वर्षात तिसऱ्या हिश्शाने वाढली आणि वीजबिल जवळपास तेवढंच आहे. माझे वडील फौंड्रीत मोल्डर आहेत. भट्टी विजेवर चालते. माल जास्त ओतला तर बिल वाढायलाच पाहिजे.” मग त्याने पान उलटून दाखवले: त्याच वर्षी बाहेरून तयार माल विकत घेण्याचा खर्च वाढला होता. म्हणजे वाढलेली विक्री कारखान्याची नव्हती, घेऊन-विकण्याची होती, आणि त्यात नफा फारच कमी होता. आमच्या कार्यालयातील अनुभवी माणसालाही हे एका बैठकीत सापडले असते असे नाही.

त्या वर्षी आमच्याकडे प्रशिक्षणार्थींच्या दोन जागा होत्या आणि दोन्ही फोनवरून दिल्या गेल्या होत्या. त्या यादीवर माझीही सही होती. मी त्या मुलाला ‘पुढच्या वर्षी बघू’ असे सांगून चहा पाजून परत पाठवले. तो पुन्हा आला नाही. त्याची वही मात्र अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

आता विद्यार्थ्यांसाठी चार शब्द, कारण हे पत्र तेही वाचतील अशी आशा आहे. या मुलाने जे केले ते कुणालाही करता येते आणि त्याला एक पैसाही लागत नाही. भागविक्रीसाठी दाखल झालेले मसुदे, ज्यांना आम्ही डीआरएचपी म्हणतो, ते सेबीच्या आणि शेअर बाजारांच्या संकेतस्थळांवर सर्वांसाठी खुले असतात. आपल्या परिसरातील किंवा आपल्या घरातील कुणी ज्या धंद्यात आहे त्या धंद्यातील एखाद्या कंपनीचा मसुदा निवडावा. जोखमीचे घटक, उभारलेल्या पैशाचा विनियोग आणि विक्री किमतीचा आधार ही तीन प्रकरणे आधी वाचावीत. किमतीच्या प्रकरणात त्या कंपनीची तुलना त्याच धंद्यातील, शेअर बाजारात आधीच असलेल्या इतर कंपन्यांशी केलेली असते. ती तुलना स्वतः आकडे काढून पडताळून पाहिली की मूल्यांकनाचा पहिला धडा आपोआप होतो. एकाहून अधिक मर्चंट बँकर असलेल्या मोठ्या भागविक्रीच्या मसुद्यात, कोणत्या बँकरने कोणते काम करायचे याचा एक तक्ता असतो. भांडवलाची रचना, कंपनीची तपासणी, मसुदालेखन, जाहिराती, गुंतवणूकदारांसाठीचे सादरीकरण, किंमतनिश्चिती, विक्रीनंतरची कामे असा सगळा व्यवसाय त्या पानभर तक्त्यात ओळीने मांडलेला असतो. महागड्या वर्गांच्या अभ्यासक्रमापेक्षा तो तक्ता अधिक उपयोगी आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याच मसुद्याच्या मुखपृष्ठावर मर्चंट बँकरचे नाव, संपर्क व्यक्ती, दूरध्वनी आणि ईमेल छापलेले असते. विद्यार्थ्यांनी पत्र तिथे लिहावे आणि त्यात आपली स्वप्ने न लिहिता, त्या मसुद्यात आपल्याला काय दिसले आणि काय कळले नाही ते दहा ओळींत लिहावे. ‘संधी मिळाल्यास आभारी राहीन’ अशा मजकुराची पत्रे आम्हाला ढिगाने येत आणि ती उघडलीही जात नसत. पण आमच्याच मसुद्यातील एखाद्या तक्त्यावर नेमका प्रश्न विचारणारे पत्र आले, तर ते टेबलांवरून फिरत असे. चाळीस पत्रांना दोन उत्तरे येतील. त्या दोन उत्तरांसाठी चाळीस पत्रे लिहावीत.

इंग्रजीबद्दल मी गोड बोलणार नाही. हे काम जवळजवळ संपूर्णपणे लिखित इंग्रजीत चालते आणि त्यात एका शब्दाची चूकही महागात पडते. परंतु ती इंग्रजी गप्पांची नव्हे, ठरावीक साच्याची आहे, आणि दहा मसुदे काळजीपूर्वक वाचणाऱ्या मराठी माध्यमाच्या मुलाला ती वर्षभरात आत्मसात होते, हे मी स्वतःवरून सांगू शकतो. एक्सेलवर हात बसायला मात्र रोजचा सराव लागतो, आणि म्हणूनच महाविद्यालयांनी संगणक प्रयोगशाळा संध्याकाळी उशिरापर्यंत उघड्या ठेवाव्यात.

ज्यांना थेट प्रवेश मिळत नाही त्यांनी सीएच्या आर्टिकलशिपचा, म्हणजे सीए होताना करायच्या कार्यालयीन प्रशिक्षणाचा, मार्ग कमी लेखू नये. २०२३ पासून ती तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली आहे, तिथे अजूनही ओळखीपेक्षा परीक्षेतले यश अधिक बोलते, आणि तपासणीचा तो अनुभव घेऊन आलेली माणसे आमच्याकडे नेहमीच लागत. सेबीनेच स्थापन केलेल्या एनआयएसएम या संस्थेची मर्चंट बँकिंगची प्रमाणपत्र परीक्षाही द्यावी. या संस्थेचे संकुल रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला आहे, पण परीक्षा देण्यासाठी तिथे शिकायला जावे लागत नाही. उलट ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ सांगून लाखभर रुपये मागणाऱ्या वर्गांपासून आणि इंटर्नशिपसाठी अनामत मागणाऱ्यांपासून दूर राहावे. कुणीही चांगली संस्था प्रशिक्षणार्थीकडून पैसे घेत नाही.

पैशांचा विषय निघालाच आहे तर बिनपगारी इंटर्नशिपबद्दलही लिहायला हवे. दोन महिने ‘अनुभवासाठी’ फुकट काम करा असे सांगणे मुलुंडमध्ये घर असलेल्या मुलाला परवडते. लातूरच्या मुलीला मात्र त्या दोन महिन्यांचे कॉट बेसिसचे भाडे, अनामत, लोकलचा पास आणि दोन वेळचे जेवण आधी घरातून आणावे लागते आणि तिथेच तिचा विषय संपतो. कोट्यवधींचे शुल्क आकारणाऱ्या व्यवसायाने शिकाऊ मुलाला जगण्यापुरते विद्यावेतन न देणे मला अशोभनीय वाटते. केंद्र सरकारने २०२४ मध्ये मोठ्या कंपन्यांमधील इंटर्नसाठी दरमहा ५,००० रुपयांची योजना जाहीर केली आणि त्याच वर्षी राज्याच्या युवा कार्यप्रशिक्षण योजनेत पदवीधरांसाठी दरमहा १०,००० रुपये ठरवण्यात आले. सरकारला जे सुचले ते या व्यवसायाला स्वतःच्या खिशातून सहज करता येईल.

म्हणून माझे मागणे अगदी छोटे आहे. नोंदणीकृत मर्चंट बँकरांनी वर्षातून एकदा आपल्या संकेतस्थळावर प्रशिक्षणार्थींच्या जागा किती, अर्जाची अंतिम तारीख कोणती, विद्यावेतन किती आणि निवड कशी होणार एवढे जाहीर करावे. सर्व अर्जदारांना, फोन आलेल्यांनाही, एकच प्रकाशित मसुदा देऊन दोन तासांची लेखी परीक्षा घ्यावी आणि उत्तरपत्रिका नाव व महाविद्यालय झाकून तपासाव्यात. यासाठी नवा कायदा लागत नाही. व्यवसायाच्या संघटनेने एक परिपत्रक काढले तरी पुरे. विद्यापीठांनीही नव्या शैक्षणिक धोरणातील कार्यप्रशिक्षणाचे श्रेयांक नातेवाइकाच्या कार्यालयातून आणलेल्या एका प्रमाणपत्रावर देऊन मोकळे होऊ नये. ज्या विद्यार्थ्याला जागा मिळाली नाही त्याला एका मसुद्याचे पन्नास पानी विश्लेषण लिहिण्याचा पर्याय द्यावा. ते विश्लेषणच त्याला पुढे अनुभव म्हणून दाखवता येईल.

दर शनिवारी संध्याकाळी आमच्या अभ्यासिकेत आम्ही आठ-दहा जण एक मसुदा छापून घेऊन वाचत बसतो. आपल्या दैनिकातील छोट्या जाहिरातींत कुणी मर्चंट बँकरने प्रशिक्षणार्थीच्या एका जागेची जरी चार ओळींची जाहिरात दिली, तरी तिचे कात्रण मी त्याच संध्याकाळी तिथल्या फलकावर लावीन.

आपला विश्वासू,
एक निवृत्त मर्चंट बँकर,
डोंबिवली (पूर्व)