हर्णैच्या सिस्टरना, खरे सांगितल्याबद्दल

आदरणीय सिस्टर,

सादर नमस्कार वि. वि.

हर्णैपासून आंजर्ल्यापर्यंत सगळे तुम्हाला ‘सिस्टर’ म्हणूनच ओळखतात, त्यामुळे नाव न घालताही हे पत्र तुमच्यापर्यंत पोहोचेल याची मला खात्री आहे. ते जाहीरपणे लिहिते आहे, कारण तुमच्याकडून मला जे मिळाले ते परदेशी जाण्याची तयारी करणाऱ्या आपल्याकडच्या प्रत्येक परिचारिकेला मिळायला हवे आणि बहुतेकींना ते मिळत नाही. तुम्ही मला खरे सांगितलेत. जाण्यापूर्वी सांगितलेत, गेल्यावर सांगितलेत आणि माझ्याच घरची माणसे मला काही कळू द्यायचे नाही असे ठरवून बसली होती, तेव्हाही सांगितलेत.

मुंबईत नोकरी करत असताना मी बाहेर जाण्याचे मनात घेतले, तेव्हा सल्ला देणाऱ्यांची कमतरता नव्हती. एका एजंटाने पौंडांतला पगार रुपयांत करून दाखवला आणि त्याच कागदावर खाली स्वतःचे लाखांतले शुल्क लिहिले. तो कागद घेऊन मी तुमच्या ओटीवर आले. त्या पगारातून कर, निवृत्तिवेतनाचा हप्ता, घरभाडे आणि थंडीतले वीज-गॅसचे बिल वजा केल्यावर हातात काय उरते, हे तुम्ही मला स्वतः मांडायला लावलेत. ब्रिटनच्या भरतीविषयक आचारसंहितेनुसार परिचारिकेकडून भरतीचे शुल्क घेता येत नाही, हेही मी तुमच्या सांगण्यावरून शोधून वाचले. कुवेतच्या भरतीत मुलींकडून लाखो रुपये उकळल्याची प्रकरणे बाहेर आली आणि २०१५ मध्ये केंद्र सरकारला आखातासह अठरा देशांतली परिचारिकांची भरती सरकारी संस्थांमार्फतच करण्याचा नियम करावा लागला, हे तुम्हाला तारखेसह माहीत होते. ज्यांच्या घरी असे विचारायला कोणी नसते, त्या मुली कर्ज काढून तो एजंटाचा आकडा भरतात. माझ्या बरोबरीच्या दोघी अजून ते फेडत आहेत.

कागदपत्रांच्या बाबतीत तुमचा आग्रह मला तेव्हा जाचक वाटे. पण २ ऑगस्ट १९९० रोजी इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या तेव्हा तुम्ही तिथल्या वॉर्डात ड्युटीवर होतात. पुढे तुम्ही वाळवंटातून जॉर्डनला आणि अम्मानहून एअर इंडियाच्या विमानाने मुंबईला आलात. त्या वेळी सुमारे १ लाख ७० हजार भारतीय असे परत आणले गेले, आणि त्यांच्यापैकी कितीतरी जणांप्रमाणे तुमचीही मूळ प्रमाणपत्रे मागेच राहिली. शिकलेली, अनुभवी परिचारिका असूनही ते सिद्ध करणारा कागद हाती नसणे म्हणजे काय, हे तुम्ही भोगले होते. म्हणूनच माझी जीएनएमची (नर्सिंगच्या पदविकेची) गुणपत्रके आणि परिचर्या परिषदेची नोंदणी माहेरच्या नावावर, तर पासपोर्ट सासरच्या नावावर आहे, ही गोष्ट तुमच्या नजरेत पहिल्याच दिवशी आली. राजपत्रातली नोंद, प्रतिज्ञापत्र, परिषदेकडून पडताळणी, हे सारे आधी करून घेतल्यामुळे पुढे माझा अर्ज कुठेही अडला नाही. इंग्रजीच्या परीक्षेत नऊपैकी लेखनात साडेसहा आणि बाकी तिन्हींत सात गुण मिळवणे हे कष्टाचे काम होते, पण ते माझ्या हातात होते. नावातला फरक मला कधी सुचलाही नसता.

सर्वांत मोलाचे होते ते कामाविषयीचे तुमचे बोलणे. पहिले वर्ष हात बांधल्यासारखे जाईल, असे तुम्ही स्पष्ट म्हणाला होतात, आणि तसेच झाले. मुंबईत मी अतिदक्षता विभाग सांभाळत होते, अवघड शिरांतही सुई लावायला मला बोलावले जाई. इंग्लंडमध्ये ‘ओस्की’ ही प्रात्यक्षिक परीक्षा उत्तीर्ण होऊन नोंदणी होईपर्यंत मी खालच्या वेतनश्रेणीत मदतनिसाचे काम करत होते. नोंदणीला आठ महिन्यांची मुदत होती आणि व्हिसा त्याच रुग्णालयाशी बांधलेला होता. नोंदणीनंतरही शिरेतून इंजेक्शन देण्याची परवानगी तिथले प्रशिक्षण नव्याने घेतल्यावरच मिळाली. ज्या हातांवर लोकांनी वर्षानुवर्षे विश्वास ठेवला, ते हात रिकामे ठेवून उभे राहणे फार जड जाते. ते जड जाणार हे आधी माहीत असल्यामुळेच मी ते स्वतःच्या लायकीवर घेतले नाही.

आपल्याकडे रुग्णाजवळ नातेवाईक असतो. तो अंग पुसतो, भरवतो, भांडे देतो आणि सिस्टर औषधपाणी पाहते. तिकडे हे सारे परिचारिका आणि मदतनीस करतात. आपल्या कित्येक मुलींना त्यात कमीपणा वाटतो आणि घरी फोनवर त्या हे सांगत नाहीत. अंघोळ घालताना रुग्ण जितका कळतो तितका तक्त्यावरून कळत नाही, हे तुम्ही मस्कतमधल्या तुमच्या नोकरीच्या अनुभवावरून मला सांगितले होते. एका सकाळी एका वृद्ध गृहस्थांना अंघोळ घालताना त्यांची उत्तरे आदल्या दिवसापेक्षा असंबद्ध वाटली. तिथे श्वासगती, प्राणवायूचे प्रमाण, रक्तदाब, नाडी, शुद्धीची अवस्था आणि तापमान या सहा गोष्टींचे गुण मांडून रुग्णाची प्रकृती ढासळते आहे का ते ठरवतात; गुण जितके जास्त, तितकी प्रकृती वाईट. नव्याने आलेल्या गोंधळलेपणाला एकट्यालाच तीन गुण आहेत. एकूण गुण पाचांच्या वर गेले होते. तरुण डॉक्टर दुसऱ्या रुग्णात अडकले होते आणि नंतर येतो म्हणाले. डॉक्टर आले की खुर्ची सोडून उभे राहायचे, या शिस्तीत मी वाढले. तरीही मी थेट वरिष्ठांना फोन लावला, कारण तिकडे गप्प राहण्याला आदर समजत नाहीत, त्याला हलगर्जीपणा समजतात, हे तुम्ही मला बजावले होते. जंतुसंसर्ग रक्तात पसरत असल्याचे निदान वेळेत झाले आणि ते गृहस्थ चालत घरी गेले.

एका रुग्णाने माझ्या रंगाकडे पाहून दुसरी नर्स पाठवा असे म्हटले, तेव्हा मी रात्री तुम्हाला फोन केला. तुम्ही मला समजावत बसला नाहीत. घडले ते त्याच दिवशी लिहून वॉर्डच्या प्रमुखांकडे दे, असे म्हणालात. मी दिले, आणि प्रमुख त्या रुग्णाशी माझ्यासमोर बोलल्या.

मग २०२० आले. मार्चमध्ये विमाने बंद झाली. माझा वॉर्ड कोविडचा झाला आणि ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावर आले. गावचा एकही फोन लागत नव्हता. वीज आणि टॉवर दोन्ही गेले होते. तुम्ही पडलेल्या माडांतून वाट काढत आमच्या घरी गेलात आणि दापोलीहून रेंज मिळताच मला कळवलेत की, आई-बाबा सुखरूप आहेत, मागच्या पडवीचे छप्पर उडाले आहे आणि सुपारीची बाग जवळजवळ सगळी आडवी झाली आहे. भाऊ नंतर मला सांगत होता की थोडेसेच नुकसान आहे. त्याची माया मला कळते. पण बाबांचा फोनवरचा आवाज का उतरला आहे, हे मला तुमच्यामुळे समजत होते, आणि म्हणून त्यांच्याशी त्या बागेविषयी बोलता आले.

पुढच्या वर्षाच्या अखेरीस बाबांना अन्ननलिकेचा कर्करोग असल्याचे निघाले, तेव्हा घरातल्यांनी दोन गोष्टी ठरवल्या: बाबांना सांगायचे नाही आणि मला तर मुळीच नाही, एवढ्या लांब ती काय करणार. आपल्या घराघरांत असेच ठरते आणि ते प्रेमापोटीच ठरते. इंग्लंडमध्ये मी रोज पाहते की निदान सर्वांत आधी रुग्णाला सांगतात आणि त्याच्या संमतीनेच नातेवाइकांना. सुरुवातीला मला ते निष्ठुर वाटे. तुम्ही आईला आणि भावाला तयार केलेत, डेरवणच्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी बाबांना समजेल अशा शब्दांत सगळे सांगितले तेव्हा शेजारी बसलात आणि त्याच संध्याकाळी मला फोन करून आजार किती पसरला आहे, ते काही न लपवता सांगितलेत. त्यामुळे मी शेवटच्या निरोपाची वाट न पाहता, बाबा हिंडत-फिरत होते तेव्हाच रजा काढून आले. कोणते उपचार घ्यायचे आणि कोणते नाहीत, हे बाबांनी स्वतः ठरवले. बागेत नवी रोपे कुठे लावायची, तेही त्यांनीच भावाला दाखवले. परदेशातल्या कितीतरी परिचारिकांना आपल्या आई-वडिलांचा आजार तेराव्याला कळतो. माझ्या वाट्याला ते आले नाही, याचे ऋण कसे मानावे ते मला समजत नाही.

आता मंडणगड, दापोली, गुहागरहून मुली मला फोन करतात. मी त्यांना माझी पगाराची पावती कपातींसह पाठवते, पहिल्या वर्षाविषयी सांगते आणि सर्वांत आधी सगळ्या कागदांवरचे नाव तपासायला लावते. कुवेतची हकीकत मात्र त्यांनी तुमच्याकडूनच ऐकायला हवी. गणपतीची रजा मंजूर झाली आहे. गौरी-विसर्जनानंतर त्यांच्यापैकी ज्या येऊ शकतील त्यांना घेऊन मी तुमच्याकडे येईन. त्यांना कोणता दिवस सांगू, ते कळवावे.

आपली कृतज्ञ,
दापोली तालुक्यातली, सध्या इंग्लंडमध्ये काम करणारी एक परिचारिका