सुशोभीकरणाआधी दर्जा पाहा

संपादक महोदय,

लहान गावातल्या जुन्या बाजारपेठेचे सुशोभीकरण निघाले की निविदेत ठरलेली कामे येतात: दर्शनी भिंतींना सिमेंटचा गिलावा, वर रंग आणि सगळ्या दुकानांना एकसारखे फलक. यातले पहिलेच काम भिंतीच्या मुळावर येते.

या इमारती बहुधा भाजक्या विटा आणि चुन्यात बांधलेल्या असतात. भिंतीत मुरलेले पाणी चुन्याच्या दर्जांमधून, म्हणजे दोन विटांमधल्या सांध्यांमधून, वाफ होऊन निघून जाते. दर्जा सिमेंटने बुजवल्या की ते विटेतून वाट काढते आणि सोबतचे क्षार विटेच्या पृष्ठभागाआड साठवते. मग लोणा म्हणजे क्षारांचा पांढरा थर धरतो, विटेचे पापुद्रे सुटतात. विटा झिजून आत जातात, सिमेंटची जाळी तेवढी पुढे उभी राहते. अशी भिंत दिसली तर दोष विटेचा नसतो.

आधी पन्हळी आणि गच्चीची गळती थांबवावी. मग दर्जा छिन्नी-हातोडीने रुंदीच्या अडीचपट खोल खरवडाव्यात. १० मिलिमीटर रुंदीला २५ मिलिमीटर. ग्राइंडरने विटेच्या कडा कापल्या जातात. धूळ झटकून दर्जा ओलवाव्यात आणि एक भाग चुना, तीन भाग चाळलेली वाळू असा मसाला सुमारे ६ मिलिमीटरच्या थरांनी दाबून भरावा. अंगठ्याचा ठसा उमटेनासा झाला की पुढचा थर द्यावा. नंतर काही दिवस ओले गोणपाट लावावे. घाईत वाळलेल्या चुन्याची भुकटी होते आणि ठेकेदार ‘चुना टिकतच नाही’ म्हणायला मोकळा! जुना रंग काढायला वाळूचा फवारा मारू नये. त्याने विटेचे भाजणीचे कवच उडते.

फलकांचेही तेच. दारावरची काचेची तावदाने लांबट दुकानात मागपर्यंत उजेड नेतात. फलकासाठीची एसीपी शीट (अ‍ॅल्युमिनियमचा थर असलेला पत्रा) नेमकी त्यांवरच ठोकली जाते. अमेरिकेतल्या छोट्या गावांनी १९५०-६०च्या दशकांत असेच अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे चढवले आणि पुढे ते उतरवण्यावर खर्च केला.

निविदेत एक अट घालता येईल: प्रत्येक इमारतीवर आधी एक चौरस मीटर नमुना करावा, तो पूर्ण वाळल्यावर तपासावा आणि मगच उरलेल्या कामाला मंजुरी द्यावी.

– जुन्या बांधकामांच्या दुरुस्तीत काम करणारे काही वाचक