चिपडांचं भूत आणि कॅमेरा कोणाकडे?

मालवण
मृगाचा पहिला आठवडा

चि. सायलीस बाबांचे अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला 'डॉक्टर हू' या इंग्रजी मालिकेचा भाग बघितला, पण एका बैठकीत नाही. अर्ध्यावर लाईट गेली ती दुसऱ्या दिवशी सकाळी आली. मधल्या वेळात आईला गोष्ट सांगितली, तर तिने तिथेच निकाल दिला, "डोळ्यातल्या चिपडांचं भूत? मेल्यांका आधी तोंडां धुवूक सांगा." फोनवर मी काही सांगायला लागलो की तू नुसतं हं हं करतेस, म्हणून लिहितोय.

भाग २०१५ च्या नोव्हेंबरातला, 'स्लीप नो मोअर', लेखक मार्क गॅटिस. अडतिसावं शतक, नेपच्यूनभोवतालचं अवकाशस्थानक, तिथली माणसं बेपत्ता, शोधायला आलेली सैनिकांची तुकडी, आणि मालिकेचा नायक डॉक्टर नि त्याची सोबतीण क्लारा आपले अचानक हजर. एवढं तुला माहीतच आहे. स्थानकाचं नाव 'ले व्हेरिये' ठेवलंय ते मला फार आवडलं. या फ्रेंच गणितज्ञ ले व्हेरियेने नेपच्यून न बघताच शोधला. युरेनस वाटेवरून का ढळतो, याचं गणित कागदावर सोडवलं आणि बर्लिनच्या वेधशाळेला पत्र धाडलं. २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री गालेने तिथे दुर्बीण लावली, तर सांगितल्या जागेपासून एक अंशाच्या आत ग्रह हजर! आणि गोष्ट कसली, तर कोण बघतंय याची.

तर आता माझ्या धंद्यातलं. तीस वर्षं लग्नं शूट केली, त्यामुळे कोणाचीही व्हिडिओ कॅसेट लावली की मी आधी कॅमेरे मोजतो. अंतरपाटाच्या दोन्ही बाजू एकाच वेळी दिसल्या म्हणजे माणसं दोन होती, पार्टीने पैसे जास्त मोजलेत. इथे तो शास्त्रज्ञ रासमुसेन सुरुवातीलाच पडद्यावर येऊन बजावतो की हे बघू नका. मग सांगतो की मिळालेलं फुटेज मी जोडून दाखवतोय. आपण धरून चालतो की सैनिकांच्या शिरस्त्राणांवर कॅमेरे असणार. मी मोजायला लागलो. एक या बाईच्या नजरेतून, एक त्या गड्याच्या, ठीक. पुढे चित्र क्लाराच्या नजरेतून दिसायला लागलं आणि मी पॉज केलं. तिच्या डोक्यावर तर काहीच नाही! आई म्हणाली, "झोपा आता." तेवढ्यात लाईट गेली. रात्रभर तेच डोक्यात.

सकाळी उलगडा झाला. कॅमेरे नव्हतेच, कोणाच्याच डोक्यावर नव्हते. झोप पाच मिनिटांत उरकणाऱ्या त्या मॉर्फियस पेटीत जे शिरले, त्यांच्या डोळ्यातली धूळच, म्हणजे चिपडंच, बघत होती. त्याच चिपडांची पुढे भुतं होतात. क्लाराला पेटीने मिनिटभरच ओढून घेतलं होतं, तेवढं पुरलं. आणि तो चोप्रा नावाचा सैनिक, जो हट्टाने पेटीत कधी शिरला नाही, त्याच्या नजरेतून एकही चित्र नाही. परत बघ, मी दोनदा तपासलं. याला म्हणतात कामातला प्रामाणिकपणा. आपल्याकडे देवचाराची, म्हणजे गावच्या राखणदार भुताची, गोष्ट निघाली की पहिला प्रश्न असतो, "बघितलां कोणी?" सांगणारा कुठला तरी मावसभाव पुढे करतो आणि निसटतो. गॅटिसने त्या प्रश्नाचं उत्तर हेच भूत केलं.

पण भूत फसलं, हेही लिहितो. सुरुवातीला अंधारात नुसता आवाज येतो तोवर अंगावर काटा. पूर्ण दिसलं की मळलेल्या पिठाचा गोळा. शिरोड्याकडच्या त्या लग्नात ऐन मंगलाष्टकांना लाईट गेली, आठवतं? कॅसेटवर चार मिनिटं मिट्ट काळोख आणि आवाज. मुलीच्या बापाने निम्मे पैसे कापले. मला आजही वाटतं, त्या कॅसेटमधली तीच चार मिनिटं सर्वात चांगली होती. मंगळसूत्र कुठे ठेवलंय म्हणून कोणीतरी कुजबुजतं, भटजी न थांबता पुढे म्हणतात, आणि बॅटरी म्हणून ओरडणारा मीच. या लोकांनी काळोखावर तेवढा भरवसा ठेवायला हवा होता.

शेवटाकडे डॉक्टर म्हणतो की याचा काही मेळ बसत नाही, आणि निघून जातो. लेखकाने आपलं भोक पात्राच्या तोंडून सांगितलं म्हणून ते बुजत नाही, असं म्हणून मी चरफडलो. मग रासमुसेन परत येतो. पळापळ, राक्षस, सगळं त्याने तुम्ही बघत राहावं म्हणून रचलेलं. गरीला लावलेली कोळंबीच ती. बघणाऱ्याच्याही चिपडांचं भूत करणारा खरा संदेश चित्रात मधेमधे येणाऱ्या त्या फरफरीत. आणि मग तो डोळा चोळतो, तर त्याचा चेहराच धूळ होऊन गळायला लागतो. तिथे मात्र मी मोबाईल पालथा ठेवला. पावसाळ्यात कपाटातल्या कॅसेटींना बुरशी धरायची, लावल्या की अशीच फरफर. मी झिरोचा बल्ब लावून कपाट गरम ठेवायचो. परवा पहिल्यांदा वाटलं, बरं झालं त्या सगळ्या टाकल्या.

आईला मात्र भुतापेक्षा ती पेटीच लागली. पाच मिनिटं आत बसायचं आणि महिनाभर झोपायचं नाही, म्हणजे महिनाभर कामच काम. "अशी पेटी आली तर मुंबईत पहिली आपल्याच चेडवाच्या हापिसात लागतली," म्हणाली. तुझे एडिटिंगचे रात्रीचे तास तिला मी सांगितलेले नाहीत. कोणी सांगितले, देव जाणे.

कोकमाच्या आगळाच्या दोन बाटल्या आणि थोडी सोलं रात्रीच्या बसने पाठवतोय. झाकणाला मेण लावलंय, तरी बाटली उभीच धर. आणि पत्राचं उत्तर दिवसा लिही.

तुझे
बाबा