पुड्यावरचं ‘कोल्हापुरी’ कुणाचं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात माझी मुलगी पुण्याहून माहेरी आली. येताना तिच्या घराजवळच्या दुकानातला एक किलो गुळाचा पुडा मुद्दाम घेऊन आली. पुड्यावर ठळक अक्षरांत ‘अस्सल कोल्हापुरी गूळ’. उलटून बघितलं तर बनवणाऱ्याचा पत्ता परराज्यातला. पॅकबंद मालावर पत्ता छापायची सक्ती आहे म्हणून तेवढं तरी कळलं. ढेप फोडली तर रंग हळदीसारखा पिवळा आणि दाताखाली साखर करकरली. आमच्या गुळव्यांनी, म्हणजे गुऱ्हाळात गूळ शिजवणाऱ्या कारागिरानं, खडा जिभेवर ठेवला आणि लगेच थुंकला. “साखर घातलीया ह्यात,” एवढंच बोलले आणि रस आटवायच्या मोठ्या कढईकडं, काहिलीकडं वळले.

माझं गुऱ्हाळ पन्हाळा तालुक्यात, आजोबांपासूनचं. आमच्या गावात एकेकाळी सात गुऱ्हाळघरं धुमसायची, आज दोन उरलीत. मजूर मिळत नाहीत, ऊस कारखान्याला घालून मोकळं होणं सोपं पडतं. तरी आम्ही टिकून आहोत ते या नावावर. रस काहिलीत पडला की जळव्या खाली जाळ सांभाळतो आणि गुळव्या वर पाकावर नजर ठेवतो. रानभेंडीच्या चिकानं मळी वर येते, ती पुन्हा पुन्हा काढायची. शेवटी गुळव्या पाकाचा थेंब गार पाण्यात सोडतो, बोटांनी गोळी वळतो आणि ती कशावर तरी आपटून आवाज ऐकतो. त्या आवाजावर काहील उतरते. जरा उशीर झाला की गूळ करपला, जरा घाई झाली की पावसाळ्यात रव्याला, म्हणजे गुळाच्या ढेपेला, पाणी सुटलं. इतकं करून टनभर उसाला शंभर-एकशेदहा किलो गूळ पडतो. पुण्याच्या त्या पुड्यामागं हे काहीच नाही, नाव मात्र आमचं.

हे नाव नुसतं लोकांच्या तोंडचं राहिलेलं नाही. वस्तूंच्या भौगोलिक चिन्हांचा कायदा १९९९ चा, अमलात आला १५ सप्टेंबर २००३ ला. त्याखाली ‘कोल्हापूर गूळ’ २०१४ मध्ये नोंदला गेला. ठरावीक भागात झालेल्या मालालाच त्या भागाचं नाव लावायचा हक्क, ज्याला आपण जीआय म्हणतो, तो हाच. माल जिथला नाही तिथलं नाव लावून गिऱ्हाइकाला फसवलं, तर सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड, असं त्यात लिहिलंय. पोलिसांना वॉरंटशिवाय माल जप्त करता येतो. पण अधिकारी उपअधीक्षक दर्जाच्या खालचा चालत नाही, आणि धाड घालण्याआधी भौगोलिक चिन्हांच्या निबंधकांचं मत घ्यावं लागतं. त्यांचं कार्यालय चेन्नईला. पुण्यातल्या एका पुड्यासाठी हा सगळा फेरा कोण घालणार?

दुसरी वाट दिवाणी दाव्याची, जिल्हा न्यायालयात. माझं सगळं सांगणं इथं येऊन ठेपतं. दावा करायचा तर दावा करणाऱ्याचं नाव चेन्नईच्या नोंदवहीत हवं, एकतर नोंदणीधारक म्हणून किंवा ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून. मी तीस वर्षं गूळ करतोय आणि माझं नाव त्या वहीत नाही. हे मला वकिलांकडं गेल्यावर समजलं. त्या दिवशी रात्रभर झोप लागली नाही. आपल्या नावाच्या चोरीची तक्रार करायला निघालो, तर कागदावर ते नाव लावायचा हक्क मी स्वतःच घेतलेला नव्हता.

कोल्हापुरी चपलेच्या बाबतीत आपण हेच बघितलं. जून २०२५ मध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीच्या मिलानमधल्या शोमध्ये आपल्या चपलेसारखी पायताणं झळकली, कोल्हापूरचा उल्लेख नव्हता, आणि गावभर संताप उसळला. काही वकिलांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. जुलैमध्ये न्यायालयानं ती फेटाळली: चपलेची नोंदणी महाराष्ट्र आणि कर्नाटकाच्या दोन चर्मोद्योग महामंडळांच्या नावावर आहे, दाद मागायची तर त्यांनी मागावी. पुढं त्या कंपनीनं याच महामंडळांशी करार केला. बोलणी झाली ती वहीत ज्यांचं नाव होतं त्यांच्याशी.

चपलेला निदान बातमी तरी मिळाली. गुळाची चोरी किलो-किलोच्या पुड्यांतून होते, तिची बातमी होत नाही.

इथं एक गोष्ट मोकळेपणानं कबूल करतो. साखर मिसळायचं पाप आपल्या जिल्ह्यातही काही जण करतात. गिऱ्हाइकाला पिवळाधमक रंग हवा म्हणून रासायनिक पावडरही काहिलीत पडते. ते आधी थांबलं पाहिजे. नाहीतर उद्या न्यायालयात समोरचा वकील आपलाच रवा फोडून दाखवील आणि आपल्याला मान खाली घालावी लागेल. वापरकर्त्यांची यादी झाली की कोणता रवा कुणाच्या गुऱ्हाळाचा हे सांगता येईल, म्हणून ती मला फिर्यादीपेक्षाही गरजेची वाटते. दार्जिलिंग चहा देशातलं पहिलं नोंदलेलं भौगोलिक चिन्ह. त्या नावामागं चहा मंडळ उभं असतं, माल प्रमाणित होतो, बोधचिन्ह ठरलेलं आहे. आपल्या रव्याला तसं चिन्ह का असू नये?

अधिकृत वापरकर्ता व्हायचं शुल्क २०२० च्या नियमबदलानंतर दहा रुपये आहे. पाचशेचे दहा झाले. म्हणजे अडचण पैशाची नाही, कागदाची आहे. अर्जाचा नमुना इंग्रजीत, वकिलाची भाषा, आणि हंगामात आमचा पाय गुऱ्हाळातून निघत नाही.

म्हणून विनंती एवढीच. शाहू महाराजांनी १८९५ साली कोल्हापुरात वसवलेल्या शाहूपुरी पेठेनं या गुळाला बाजार दिला. आता दिवाळी पाडव्याला मार्केट यार्डात मुहूर्ताचे सौदे निघतील तेव्हा जिल्हाभरचे गुऱ्हाळमालक तिथं येतातच. त्या दिवशी यार्डात एक टेबल मांडा. अर्ज मराठीत समजावणारा एक माणूस बसवा. बाजार समितीनं, कृषी खात्यानं, वकील मंडळींनी, कुणीही पुढाकार घ्यावा. मी सातबारा, आधार आणि गुऱ्हाळाचे फोटो घेऊन सकाळीच येतो, आणि गावातल्या दुसऱ्या गुऱ्हाळाच्या मालकालाही बरोबर आणतो.

आपला,
एक गुऱ्हाळमालक
ता. पन्हाळा, जि. कोल्हापूर