राडारोड्याची पाहणी: सभासदांसाठी सूचना

सर्व सभासद उद्योजकांना नमस्कार.

वसाहतीच्या मागच्या मोकळ्या भूखंडावर रात्री डंपर येऊन राडारोडा टाकतात. येत्या बुधवारी सकाळी अकरा वाजता प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकारी तिथे पाहणीला येणार आहेत. भूखंडाला लागून ज्यांचे गाळे आहेत, त्यांनी स्वतः हजर राहावे, फक्त सुपरवायझरला पाठवू नये.

तोपर्यंत ढीग हलवू नका, त्यावर माती ओढू नका. पाहणीत नेमके काय पडले आहे, हे दिसलेच पाहिजे. वीट-काँक्रीटपेक्षा जास्त काळजी जुन्या सिमेंटच्या पत्र्यांची वाटते. त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. पत्रा फुटला की त्याचे बारीक तंतू हवेत उडतात, श्वासावाटे फुप्फुसात जातात आणि आजार कित्येक वर्षांनी कळतो. कामगारांना तिथे अजिबात जाऊ देऊ नका.

ज्यांनी यंदा शेड पाडली किंवा दुरुस्त केली, त्यांनी ठेकेदाराची बिले आणि वाहतुकीच्या पावत्या सोबत आणाव्यात. बांधकामाचा कचरा वेगळा ठेवून ठरलेल्या केंद्रावरच पोचवायची जबाबदारी २०१६ च्या नियमांपासून कचरा करणाऱ्यावरच आहे. ठेकेदाराला पैसे दिले म्हणजे ती संपत नाही.

डंपरचे फोटो असतील तर तारीख-वेळेसह कार्यालयात द्यावेत. देणाऱ्याचे नाव बाहेर जाणार नाही.

– सचिव