‘तात्काळ उपयोग दिसत नाही’ म्हणणाऱ्या मंत्रिमहोदयांस खुले पत्र

मा. विज्ञान व तंत्रज्ञान मंत्री यांस,
सादर नमस्कार.

आमच्या प्रयोगशाळेच्या उद्घाटनाला आपण आला होतात. कार्बन नॅनोट्यूबची, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांची, शीट सलग ओढणारं यंत्र इथे उभं राहील, पैसा कमी पडू देणार नाही, असा शब्द भर सभेत दिलात. काल निधीचा दुसरा हप्ता रद्द झाल्याचं पत्र आलं. कारण एका ओळीचं: ‘तात्काळ उपयोग दिसत नाही.’

दिसत नाही? २०११ साली गुरू ग्रहाकडे निघालेल्या जुनो यानावर अशीच शीट बसवली होती, स्थिर विद्युतभारापासून यानाचे भाग वाचवायला. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी विमानासाठीचं कंपोझिट (तंतू आणि रेझिन, म्हणजे राळ, यांचं मिश्र साहित्य) नॅनोट्यूबच्या पातळ फिल्मनं तापवून पक्कं केलं, मोठ्या भट्टीशिवाय. ऊर्जा लागली भट्टीच्या एक टक्क्याच्या आसपास! पंखावरचा बर्फ वितळवणं, वीज कोसळली तर विमानाचं कवच वाचवणं, केबलला विद्युतचुंबकीय लहरी अडवणारं आवरण घालणं, या सगळ्यावर काम चालू आहे. आपल्या समितीत हे एकानंही वाचलं नव्हतं का? की वाचूनही सही केली?

त्या दिवशी फीत कापून आपण निघालात, आत आला नाहीत, म्हणून सांगते. सिलिकॉनच्या वेफरवर, म्हणजे पातळ चकतीवर, नळ्यांचं दाट रान उगवतं, उंची मिलिमीटरच्याही आत. कडेला पातं लावून हळूच ओढलं की नळ्या एकमेकींना धरून बाहेर येतात आणि धूर हाताला लागावा तशी पारदर्शक शीट निघते. एसी बंद ठेवावा लागतो, श्वासानंही ती हलते. एकरभर जागा झाकायला शंभर-सव्वाशे ग्रॅम माल पुरतो. २००५ मध्येच टेक्सासमध्ये मिनिटाला ७ मीटर वेगानं ती ओढली गेली. आम्ही अजून हातानं ओढतो.

एकेका नळीची अफाट ताकद शीटमध्ये उतरत नाही, कारण तिथे नळ्या नुसत्या एकमेकींना बिलगून असतात. त्या ताणून सरळ करायच्या, त्यांत रेझिन मुरवायचं, हेच तर खरं काम. ते हातानं होत नाही, त्यासाठी यंत्रच लागतं. आणि त्याच हप्त्यात खोलीतली हवा बाहेर टाकणाऱ्या एक्झॉस्टचे फिल्टर होते. यातल्या एका प्रकारच्या नळ्यांना आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं संभाव्य कर्करोगकारक ठरवलंय. माझे विद्यार्थी साध्या मास्कवर काम करतात. रात्री मला झोप लागत नाही ती यामुळे, मंत्रिमहोदय. कुणाला खोकला आला तरी छातीत धस्स होतं.

सगळ्यात हुशार मुलगी परवा सोडून गेली. फेलोशिप रखडली होती, घरी कर्ज होतं. तिला थांबवायला माझ्याकडे शब्दही नव्हते. प्रयोगाला लागणाऱ्या गॅसचे सिलिंडर मी पगारातून भरते. तरी उपयोगिता प्रमाणपत्र वेळेत हवं, तीन प्रतींत हवं! पैसा न देता खर्चाचा हिशेब मागणारी ही कुठली व्यवस्था? इमारतीला, कोनशिलेला, मंडपाला निधी मिळतो. देखभालीला, तंत्रज्ञाच्या पगाराला, फिल्टरला मिळत नाही. मग दहा वर्षांनी हाच माल बाहेरून विकत घ्यायचा आणि तरुणांत चिकाटी नाही म्हणून भाषण करायचं.

समितीचं इतिवृत्त जाहीर करा. कोण सदस्य होते, कुणी काय मत दिलं, लेखी कळवा. यंत्राचं नंतर बघू, फिल्टरचे पैसे मात्र आधी सोडा. ते येईपर्यंत मी मुलांना त्या खोलीत पाऊल ठेवू देणार नाही.

आपली,
एक पदार्थविज्ञान संशोधक